बाबांची ओकची कपाटं

आदरणीय नोरीनआत्या,

ज्या माणसाने एकतीस वर्षं गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, म्हणजे कॅराव्हॅन, बांधल्या, त्याला त्याची स्वतःची कॅराव्हॅन त्याचा जीव घेईल हे कसं सांगायचं? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. आलं असतं तर हे पत्र एका कार्डावर मावलं असतं आणि त्यात मी फक्त तुमच्या गुडघ्याची चौकशी केली असती.

तर आधी गुडघा. कसा आहे? जिना उतरताना अजून वाजतो का? (डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करत नसाल तर तसं कळवू नका, आई माझ्यावर रागावते.) चॅपलच्या गायनमंडळात तुमच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या त्या बेसूर बाई सुधारल्या का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचं नवं स्वयंपाकघर. तुम्ही पाठवलेला फोटो आम्ही फ्रिजवर लावलाय. पांढरीशुभ्र चकचकीत कपाटं, कुठे मूठ नाही की कडी नाही, आणि दार ढकललं की शेवटच्या वितीत स्वतःच सावकाश मिटणारं! आई म्हणाली, "नशीब काढलं नोरीनने. आमच्याकडे दार ढकललं की हातात येतं." बाबांनी फोटो नाकाजवळ नेऊन बघितला, परत फ्रिजवर लावला आणि एवढंच म्हणाले, "लाकूड नाही ते." हे वाक्य लक्षात असू द्या, आत्या. पुढचं सगळं त्यातूनच निघालंय.

आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. (एरवी मी "सगळे मजेत आहेत" असं लिहिते. या वेळी जपून लिहितेय.)

बाबा मार्चमध्ये निवृत्त झाले हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच महिन्यात कारखान्यातल्या एकाने त्यांना आपली जुनी कॅराव्हॅन स्वस्तात दिली. बाबांनी जन्मभर कॅराव्हॅनच्या आतली कपाटं बसवली, पण स्वतःची कधी घेतली नव्हती, आणि गाडीच्या मागे जोडून तर एक मैलही ओढली नव्हती. कारखान्याच्या फाटकातून ती बाहेर पडली की बाबांचा तिच्याशी संबंध संपायचा. आमच्या हल शहरातल्या निम्म्या गल्लीचं हेच आहे. सगळ्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या सुट्ट्या बांधल्या आणि स्वतःच्या सुट्टीत घराला रंग दिला. म्हणून ती पांढरी पेटी आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मला खरोखर भरून आलं. हा सामाजिक न्याय आहे, असं मी म्हणालेसुद्धा. आई म्हणाली, "न्याय असेल, पण माझ्या खिडकीसमोरून जरा पुढे सरकवा."

आता घरात पदवी एकच, आणि ती माझी. त्यामुळे बॉयलरच्या आवाजापासून कुत्रीच्या जंतांपर्यंत सगळं मलाच विचारलं जातं. पदवी समाजशास्त्रातली आहे, असं मी दरवेळी सांगते, आणि बाबा दरवेळी म्हणतात, "म्हणजे शास्त्रच ना?" तसंच या वेळीही झालं. "प्रोफेसर," बाबा म्हणाले, "आपली गाडी हिला ओढेल का, तेवढं बघून सांग."

मी मन लावून बघितलं. (काम लहान असो वा मोठं, मी मन लावूनच करते. आईच्या मते हा आजार आहे.) गाडी आणि कॅराव्हॅन ही जोडी लग्नासारखी जुळवावी लागते. भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत असावी, निदान आमच्यासारख्या नवशिक्यांची तरी. मागचं पुढच्याहून जड झालं की उतारावर कोण कुणाला नेतंय ते कळेनासं होतं. मी हे जेवताना समजावून सांगितलं तेव्हा आई स्वतःकडे आणि मग बाबांच्या काडीसारख्या दंडांकडे बघून म्हणाली, "मग आमचं लग्न बेकायदाच म्हणायचं." कॅराव्हॅनच्या दाराजवळच्या पाटीवर कारखान्याने तिचं भरल्यानंतरचं वजन कोरलेलं असतं. ते घेतलं, गाडीचं घेतलं, भागाकार केला, चौऱ्याऐंशी आले. मला पदवीलासुद्धा एवढे मिळाले नव्हते! मी ते मोठ्या आकड्यात लिहून, हिरवी खूण करून, तुमच्या स्वयंपाकघराच्या फोटोशेजारी फ्रिजवर लावलं. जोडी जुळली. आम्ही केक कापला.

त्यानंतर दोन-अडीच महिने बाबा कॅराव्हॅनमध्ये दार लावून ठोकाठोक करत होते. बिजागऱ्या वगैरे बघत असतील, असं आम्हाला वाटलं. मग एके दिवशी त्यांनी आम्हाला आत बोलावलं.

आत्या, आजोबांच्या शेडमधल्या ओकच्या फळ्या तुम्हाला आठवत असतील. मासेमारीच्या कुठल्याशा ट्रॉलरच्या कप्तानाच्या खोलीसाठी आणलेल्या, आणि मग बोटीच बंद पडल्या म्हणून तशाच राहिलेल्या. त्या सगळ्या आता कॅराव्हॅनमध्ये आहेत. डोक्यावरची कपाटं ओकची, बाकांच्या पेट्या ओकच्या, टेबल ओकचं, आणि अगदी मागच्या टोकाला, जिथे स्वयंपाकाचा ओटा आहे तिथे, जमिनीपासून छतापर्यंत बशा ठेवायचं ओकचं मोठं फडताळ, पितळी कड्यांसकट. सांधे असे की नख जात नव्हतं. एक खिळा दिसत नव्हता. वास तर असा की लहानपणी आजोबांच्या कोटाला यायचा तसा. (तेव्हा मी चार वर्षांची होते, पण नाकाला आठवतं.)

"एकतीस वर्षं, पॉलीन," बाबा आईला म्हणाले, "एकतीस वर्षं मला पुठ्ठ्यावर लाकडाचा फोटो चिकटवायला लावला. हे बघ. ठोकून बघ."

आईने ठोकून बघितलं. आवाजच आला नाही, दगडावर ठोकल्यासारखं झालं. आई नुसता हात फिरवत राहिली, आणि तिचे डोळे भरले. माझेही भरले. इतकं सुंदर काहीतरी आमच्या घरातल्या माणसाने केलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आणि त्याच क्षणी मला त्या दाराजवळच्या पाटीची आठवण झाली. पाटीवरचं वजन पुठ्ठ्याचं होतं. लाकडाच्या फोटोला वजन नसतं, म्हणूनच तर ते लोक फोटो लावतात!

"बाबा, हिचं वजन आता किती झालं असेल?"

"वजन?" बाबा हसले. मला बाहेर घेऊन गेले, कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाला, जे गाडीच्या हुकावर बसवतात त्या नाकाशी, आणि एका हाताने त्यांनी ते नाक उचलून दाखवलं. "हे बघ. फूल आहे फूल!"

समाजशास्त्राची पदवी असूनही मला कळत होतं की हे फूल नाही. सगळं जड सामान मागच्या टोकाला गेलं म्हणून नाक वर येत होतं, लहान पोराच्या सीसॉसारखं. नाकाने हुकावर चांगलं दाबून बसायला हवं असतं, नाहीतर मागचं धूड शेपटीसारखं हलायला लागतं. हे मोजण्याची घरगुती रीत म्हणजे नाकाखाली झाडूचा दांडा आणि दांड्याखाली वजनाचा काटा. मी आईचा काटा आणला. हुकावर साधारण आईएवढं तरी वजन यायला हवं होतं. (हे तिला सांगू नका.) काट्याने आमच्या मॅगीएवढं दाखवलं, आणि मॅगी छोटी टेरियर कुत्री आहे. बाबांनी आकडा बघितला आणि खूश होऊन म्हणाले, "बघ! काटासुद्धा तेच म्हणतोय."

तरीही त्या रविवारी आम्ही फेरी मारायला निघालो. मी का गेले? आत्या, मला वाटलं मी बरोबर असले तर काही होणार नाही. हा माझा जुना समज आहे, मोर्चांना जाते तेव्हाही असाच असतो.

बेव्हर्लीच्या बायपासपर्यंत सगळं ठीक होतं. बाबा शीळ घालत होते. आई पुढच्या सीटवर थर्मास मांडीवर घेऊन होती. मी मागे, मॅगी माझ्या मांडीवर. जरासा उतार लागला आणि मागून एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून जाऊ लागला. आधी कुणीतरी आम्हाला कडेला ढकलल्यासारखं झालं आणि मग ओढून घेतल्यासारखं. ट्रक निघून गेला. ढकलणं आणि ओढणं मात्र थांबलं नाही.

"ट्रेव्ह," आई म्हणाली, "हे काय चाललंय मागे?"

"वारा आहे," बाबा म्हणाले.

"झाडं हलत नाहीयेत, ट्रेव्ह."

बाबांच्या बाजूच्या आरशात मला आमची कॅराव्हॅन दिसली. संपूर्ण, खिडक्यांसकट. पुढच्या क्षणी ती आईच्या बाजूच्या आरशात दिसली. आमची स्वतःची कॅराव्हॅन आम्हाला कधी डावीकडून तर कधी उजवीकडून ओलांडून जायला बघत होती, आणि दर झोक्याला गाडीचं बूड तिच्याबरोबर जात होतं. स्टिअरिंगचं चाक सरळ होतं, आत्या, मी शपथेवर सांगते. बाबांच्या हातात चाक सरळ होतं आणि आम्ही वाकडे जात होतो. मागच्या गाड्या लांब थांबल्या होत्या, एखाद्या पिसाळलेल्या बैलापासून माणसं थांबतात तशा. मी ओरडले, "ब्रेक नको! ब्रेक दाबू नका! पाय काढा फक्त!" ते मी वाचलं होतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात समानता, पर्यावरण, काहीही नव्हतं. मॅगीच्या कानात मी नुसतं "नको, नको, नको" म्हणत होते आणि ती बिचारी थरथरत ऐकत होती.

बाबांनी पाय काढला. ब्रेक दाबला नाही. झोके एकेक करून लहान झाले आणि आम्ही कडेच्या जागेत जाऊन थांबलो. थर्मासमधला चहा छतावरून गळत होता. बाबांची बोटं चाकावरून सुटेनात. आईने ती एकेक करून सोडवली, लहान मुलाचे हातमोजे काढतात तशी. मग बाबा म्हणाले, "वाराच होता." आणि सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते अशा वेगाने आम्ही घरी आलो.

मी हट्ट धरला की वजन करूया. बाबा तयार झाले, कारण त्यांना मला खोटं ठरवायचं होतं. धान्याच्या गिरणीवर ट्रक तोलायचा भुईकाटा आहे, तिथे गेलो. (गिरणी इथून जवळ, रस्ता सपाट. तरी मी आईला घरी ठेवलं.) काट्यावरच्या माणसाने आकडा बघितला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "आत काय आहे, पियानो?"

"कपाटं," बाबा म्हणाले.

"कपाटांत काय आहे?"

"अजून काही नाही."

त्याने परत आकड्याकडे बघितलं, मग आमच्या गाडीकडे. "आणि ओढणार हिने? साहेब, असं करा, कॅराव्हॅन पुढे लावा आणि हिला मागे बांधा."

रिकामी कॅराव्हॅन आमच्या गाडीपेक्षा जड होती. कारखान्याने तिच्या चाकांना आणि ब्रेकना जेवढं झेपेल म्हणून पाटीवर कोरलं, त्याच्याही कितीतरी वर. म्हणजे मोठी गाडी घेतली तरी भागणार नव्हतं. आणि या कॅराव्हॅनचा पहिला मुक्काम कुठे, तर तुमच्या गावाबाहेरच्या मैदानात, पुढच्या शनिवारी. रस्ता कुठला, तर माळरानावरचा ("देखावा चांगला आहे," इति बाबा), म्हणजे शेवटी ब्लू बँकचा तो सरळ खाली कोसळणारा उतार, जिथे ब्रेक गेलेल्या गाड्यांनी घुसावं म्हणून कडेला खडीची वाट करून ठेवलीय. बायपासचा उतार त्यापुढे जेवणाच्या टेबलासारखा आहे. गाडीत बाबा आणि आई. मला सुट्टी नाही म्हणून मी नाही. ओरडायलासुद्धा कुणी नाही.

आत्या, मी खोटं बोलत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुमच्या पाद्रीबाबांनी प्रवचन कसं वाटलं विचारलं तेव्हा मी लांबलं म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही मला आठवडाभर पुडिंग दिलं नव्हतं. माणसाला खरी माहिती नीट दिली की तो नीट निर्णय घेतो, यावर माझा विश्वास आहे, मी त्यावर निबंध लिहिलाय. म्हणून मी बाबांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. न चिडता, न घाबरवता, आकृती काढून. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे ते काढायचं," ते म्हणाले, "आणि परत फोटो चिकटवायचा. असंच ना?"

मी आकृतीच्या कागदाची घडी घातली.

"हळू जाऊ," ते म्हणाले. चहाचा कप उचलला आणि बाहेर जाऊन कॅराव्हॅनमध्ये बसले. खिडकीतून मला त्यांचा हात दिसत होता. फडताळाच्या दारावरून फिरत होता, वर-खाली, रंधा मारल्यासारखा. माहिती त्यांना मिळाली होती. ती घेऊनच ते आत बसले होते.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. दारात ती उभी आहे, शनिवार जवळ येतोय, आणि आई त्यात चादरी नेऊन ठेवतेय.

बाकी इकडे हवा बरी आहे. गुडघ्याला जपा, ओल्या पायऱ्यांवरून उतरू नका, आणि चॅपलमध्ये आमच्यासाठी एखादं जास्तीचं भजन म्हणा, त्या बेसूर बाईंना सोडून.

तुमची, अजून अखंड असलेली भाची,
बेथनी

ता. क. ब्लू बँकवरची ती खडीची वाट नेमकी किती लांब आहे? सहज विचारतेय.

ता. क. आणखी एक. तुमच्याकडे एक छोटीशी विनंती होती. तुमच्या नव्या पांढऱ्या कपाटांची दारं ओलीने फुगली आहेत आणि नीट मिटत नाहीत, असं होऊ शकेल का? म्हणजे सध्या नसतील फुगली, पण किटलीची वाफ थोडा वेळ दिली तर पुठ्ठा फुगतो, असं मी वाचलंय. ओट्याजवळची दोन दारं फुगली तरी पुरे. कोपऱ्याचंही फुगलं तर फारच छान.

ता. क. शेवटचा. (आधी बसून घ्या. वरचं सगळं शनिवारी लिहिलं होतं, हे बुधवारी लिहितेय.) या रविवारी दुपारी बाबा बाहेरून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की तुमचा फोन आला होता.

"ताईचा फोन?" बाबांचा चेहरा पांढरा पडला. "कोण गेलं?"

कुणी गेलं नाही, मी म्हणाले, पण आत्या रडत होत्या. नवी कपाटं फुगली. म्हणाल्या, ट्रेवर फोटो बघूनच म्हणाला, लाकूड नाही ते, असं तू कळवलं होतंस, आणि मी मनावर घेतलं नाही. आपल्या वडिलांचं ओक असतं तर शंभर वर्षं हललं नसतं.

बाबा खुर्चीत बसले. "ताई रडली? आईला पुरलं तेव्हा नाही रडली ती. मी सात वर्षांचा होतो, माझं नाक पुसत उभी होती." मग म्हणाले, "जन्मात तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. साधं मीठसुद्धा नाही. तू नक्की ऐकलंस ना, ओक म्हणाली?"

ओकच म्हणाल्या, मी सांगितलं.

आत्या, ते उठले ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच बाहेर गेले. शीळ घालत होते. काल अंधार पडायच्या आत कॅराव्हॅनमधलं सगळं ओक उतरवून, गोधड्यांत गुंडाळून, वर तुमचं नाव घालून ठेवलंय. ("तसंही घर हलत नाही," ते आईला म्हणाले, "लाकडाला घरच बरं.") आत पुन्हा पातळ प्लाय बसवलाय. भुईकाट्यावर नेऊन आणली, आईच्या चादरींसकट. चौऱ्याऐंशी. शुक्रवारी बाबा सगळं ओक घेऊन शेजारच्या डेरेकच्या माशांच्या व्हॅनमधून तुमच्याकडे येतायत, कपाटं स्वतः बसवायला. हे पत्र तुम्हाला त्याआधी मिळावं म्हणून आज मी ते स्वतः पोस्टात टाकतेय. ओकला मासळीचा वास आला तर काही बोलू नका, आजोबांना चाललं असतं.

मापं मी तुमच्या फोटोवरून काढून दिली आहेत. त्यात सगळी दारं फारच नीट मिटलेली दिसत होती, म्हणून बाबांनी परत बघायच्या आत तो फोटो मी फ्रिजवरून काढला आणि जाळला.